अण्णाची परतीची गाडी

"आत्या, डॉक्टर घरी न्या म्हणतेत," एवढंच संजू फोनवर बोलला. आमच्याकडं या वाक्याचा अर्थ कुणाला उलगडून सांगावा लागत नाही. लातूरच्या माझ्या स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन गॅस विझला, तेव्हा मी भानावर आले. संजू माझा भाचा, आणि डॉक्टर ज्याला घरी न्या म्हणत होते तो संजूचा बाप, माझा थोरला भाऊ अण्णा. पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि नांदेडची एसटी धरली. डोक्यात एकच चाललं होतं... अण्णाला न्यायचं तर त्याच्याच गाडीतून. तसा शब्द त्यानं माझ्याकडून घेतला होता.

अण्णा जन्मभर ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता. मुदखेडच्या एका धर्मादाय दवाखान्याची पांढरी मॅटाडोर घेऊन मुदखेड ते नांदेड, नांदेड ते मुदखेड. त्याला विचारलं की आज किती खेपा झाल्या, तर म्हणायचा, "जायच्या का यायच्या, ते सांग आधी." त्याच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. जाताना सगळं जग धावतं, सायरन असतो, लोक बाजूला होतात, गावातली चार माणसं मागं जीप घेऊन येतात. डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर जी खेप होते तिला कुणी नसतं. बाई एकटी पायथ्याशी बसलेली, आणि तो माणूस छताकडं बघत विचारतो, "कुठवर आलो?" अण्णा म्हणायचा, सगळे हेच विचारतेत बघ. पाटील असो का सालगडी, प्रश्न एकच.

दवाखान्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी मॅटाडोर भंगारात काढली, तेव्हा अण्णानं ती घरी आणली. वहिनी नुकत्याच गेल्या होत्या. मला वाटलं, एकटेपणानं याचं डोकं फिरलं. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते धूड उभं केलं. आतली वायरिंग उंदरांनी पार कुरतडून टाकलेली, बाकड्यांतून काथ्या बाहेर लोंबतोय, आणि अजून फिनेलचा वास. मी नाकाला पदर लावून म्हटलं, "अरे, मेल्या माणसांची गाडी दारात कशाला आणलीस?" तर हा शांतपणे म्हणतो, "शके, मेलेली न्हाई. जिती होती तेव्हाच बसवलं मी त्यांना."

तिथून पुढं अण्णा त्या गाडीतच राहायला गेला म्हणा ना. सगळी जुनी वायर उपसून काढली. नवी वायर ओढताना प्रत्येक तुकड्याला चिकटपट्टीचा बिल्ला लावायचा आणि स्वतःशीच बोलायचा, ही टपाची, ही पंख्याची, ही मागच्या दाराची. सायरनची वायर मात्र जोडली नाही, भोंगाच काढून संजूला दिला. मी विचारलं तर म्हणाला, "परतीला सायरन कशाला? कुणाला घाई हाय?" आत एक पिवळा दिवा बसवला, पांढरी ट्यूब नको म्हणाला, डोळ्यांत खुपते. त्याचं बटण मात्र ड्रायव्हरपाशी नाही, पेशंटच्या हाताशी, उशाला. आजारी माणसाचं खाणं दुसऱ्याच्या हातात, हगणं-मुतणं दुसऱ्याच्या हातात... निदान दिवा तरी त्याच्या हातात असावा. हे त्याचंच बोलणं, जसंच्या तसं.

शिलाई माझ्याकडं होती. मी जन्मभर ब्लाउज शिवणारी बाई, रेक्झिन काय शिवणार? सुया तटातट मोडायच्या, मी शिव्या घालायची, अण्णा हसत बसायचा. शेवटी मशीन बाजूला सारलं आणि दाभण घेऊन हातानं शिवलं. पेशंटच्या बायकोला बसायची जागा पायथ्याशी नको, उशाशी हवी असा त्याचा हट्ट, म्हणून एक बाकडं कापून लहान केलं. छताला लावायला मी लातूरहून बारीक फुलांचं कापड नेलं होतं, हौसेनं. त्यानं उलगडून पाहिलं आणि घडी घालून परत दिलं. "फुलं नको. आडवं पडलेलं माणूस काय ना काय मोजतं, शके. छताचे स्क्रू मोजतेत. मी आरशात बघितलंय, ओठ हलतेत." मग साधं बदामी कापड लावलं. माझी फुलं तशीच कपाटात आहेत.

आणि ती खिडकी. ॲम्ब्युलन्सच्या खिडक्या उंच, त्यांनाही दुधी काचा. अण्णानं पत्रा कापून खाली, खाटेच्या बरोबरीनं, एक लांबट खिडकी बसवली, साध्या काचेची. एकाच बाजूला, डाव्या अंगाला. का, तर नांदेडहून येताना झेंडूचे आणि काकड्याच्या फुलांचे मळे त्या बाजूला लागतात, आमच्या घरासमोरचा लिंबही त्याच बाजूला. जाताना काही दिसलं नाही तरी चालतं, येताना दिसलं पाहिजे. खिडकी बसल्यापासून तो रोज दुपारी तिथं आडवा व्हायचा. उंची बरोबर आहे का बघून राहिलो, म्हणायचा.

पण गाडी रस्त्यावर येणार नव्हती. आरटीओत साहेबांनी चहा पाजून नीट सांगितलं, वय संपलंय, कागद होणार नाहीत. इंजिनही लहरी, मनात आलं तर चालणार, नाहीतर रुसलेल्या जावयासारखं बसून राहणार. मी म्हटलं, अरे मग आता पुरे कर. तो म्हणाला, बाकड्यांच्या कडेचं पायपिंग तेवढं राहिलंय. त्याच महिन्यात त्याच्या पोटातलं दुखणं कॅन्सरचं निघालं. नांदेडला भरती व्हायच्या आदल्या दिवशी मला शेडमध्ये नेऊन म्हणाला, "मला वापस आणताना ह्याच गाडीत आणा. त्या बाजूनं निजवा." मी हो म्हटलं. मरणाच्या दारातल्या माणसाला कोण नाही म्हणतं?

एसटीतून उतरून दवाखान्यात पोचले तर संजूनं दुसरी ॲम्ब्युलन्स बोलावलेली. मी तिथंच, वऱ्हांड्यात, त्याच्यावर तोंड सोडलं. तो बिचारा रडवेला झाला. "आत्या, रस्त्यात बंद पडली तर? अण्णांना उन्हात ठेवू का मी?" खाटेवरून अण्णानं ऐकलं. माझा हात ओढला. "बरोबर हाय पोराचं. बंदच पडंल ती... बिनभरवशाची गाडी पेशंट घेऊन काढायची न्हाई." असं त्यानं मला शब्दातून मोकळं केलं. राग आला मला त्याचा. अजून येतो.

नवी ॲम्ब्युलन्स चकचकीत होती. दुधी काचा. संजू पुढं बसला, मी मागं. नांदेड सुटलं असेल नसेल तोच अण्णानं डोळे उघडले.

"शके, कुठवर आलो?"

मला काय कळणार? पांढऱ्या काचेबाहेर नुसता उजेड. मी आपलं म्हटलं, आता मळे लागतील बघ. त्यानं मान हलवली. "न्हाई... अजून नाल्याचा पूल व्हायचाय." आणि खरंच, जरा वेळानं गाडीनं पुलाचा गचका खाल्ला. पाठीनं रस्ता ओळखत होता माझा भाऊ. मग मी बोलतच राहिले. झेंडू फुललाय अण्णा, बाया तोडून राहिल्यात, टोपल्या भरल्यात. काही दिसत नव्हतं, सगळं खोटं. तो मधेच दुरुस्त करायचा, "तो मळा मागं गेला." गाडी थांबली तेव्हा ओठ हलले. "गेट." रेल्वेचं गेट बंद होतं. त्याच्यापुढं घर, गेट उघडलं की हाकेच्या अंतरावर. मालगाडी जाता जाईना. मग आमची गाडी हलली. मी म्हटलं, अण्णा, लिंब आला. तो बोलला नाही. मुद्दाम, त्याला चिडवायला, मी मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, लातूर आलं बरं का! उतरायचं ना?" माझी एवढी मोठी चूक त्यानं उभ्या जन्मात खपवून घेतली नसती.

त्यानं दुरुस्त केलं नाही.

महिना उलटून गेला. परवा मी पुन्हा मुदखेडला गेले. संजूला शेडची जागा लागते, भंगारवाला गाडी बघून गेलाय. पोराला नावं ठेवून काय करू, त्याचंही घर आहे. भंगारवाला यायच्या आत मी एकटीच गाडीत चढले आणि खाटेवर आडवी झाले. मी शिवलेल्या रेक्झिनला अण्णाच्या पाठीचा खोलगट आकार पडला होता. हात आपोआप उशाशी गेला, बटण तिथंच. दिवा लागला, मंद, पण लागला. बदामी छतावर मोजायला काही नव्हतं. मान वळवून खिडकीतून पाहिलं, तर वीतभर अंतरावर शेडचा पत्रा. मळे नाहीत, लिंब नाही. रोज दुपारी अण्णा इथं पडून हेच बघत होता, आणि उंची बरोबर आहे म्हणत होता.

बाहेरून संजूची हाक आली, "आत्या, आला बघ तो. उतरता का?"

थांब म्हटलं जरा. पत्र्याचे खिळे मोजून राहिले होते मी.