आईचे दोन सोमवार

आईच्या पोटात दुखायचं. यवतमाळला तोंडातून नळी घालून पाहिलं तेव्हा जठरात लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरची, गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जठरात जंतू आहेत, त्यांच्यामुळे अशी गाठ वाढते. चौदा दिवस गोळ्या घ्या. जंतू मेले की पुष्कळदा गाठही विरून जाते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. डॉक्टर बोलत होते, पण आई-बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. आर्णीजवळच्या आमच्या घरी मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चौकटी आखून कागद भिंतीला चिकटवला. गोळी घेतली की फुली मारायची. गोळी जेवूनच घ्यायची, सोमवारचा उपास असला तरी, असं आईला बजावलं.

आई हसली. "हजेरी लावतं काय मायी? मी शाळेत गेली नाई तं शाळाच घरी आनली पोरीनं."

मग मी हॉस्टेलवर परत गेले.

काही महिन्यांनी पुन्हा नळी घातली. रिपोर्ट मी स्टँडवर उभ्या उभ्या उघडला. गाठ कायम आहे, ही ओळ दिसली आणि पुढचं वाचलंच नाही. बसमध्ये आईला म्हटलं, "सोमवारी उपाशीच राहिली असशील. गोळ्या जेवण करून घ्यायच्या होत्या."

"घेतल्या वं माय. दोन्ही सोमवारी भाकर खाल्ली ना मी."

"मग गाठ कशी राहिली? फुल्या काय, कोणीही मारतं."

ती खिडकीबाहेर तुरीकडे बघत म्हणाली, "असन बाई. चुकलं असन एखांद्या बार. तू शिकेल आहे, तुलेच समजते."

घरी आल्यावर बाबांनाही मी तेच सांगितलं, सोमवारच्या उपासामुळे आईनं गोळ्या चुकवल्या. बाबांनी मामाला फोनवर सांगितलं. मग सगळ्या नात्यात गेलं.

डॉक्टरांनी मात्र गाठीचा तुकडा गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवला होता. तो रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले. अकराव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून अठराव्याला जोडला गेला होता. प्रॅक्टिकलला आम्ही गुणसूत्रांची चित्रं कात्रीनं कापून वहीत जोड्या लावल्या होत्या. अकरा आणि अठरा मीही डिंकानं चिकटवली होती. पूर्ण मार्क मिळाले होते.

"हा बदल जन्मापासूनचा नाही, गाठीतच झालेला आहे," डॉक्टर म्हणाले. "हा असला की या गोळ्यांनी गाठ सहसा जात नाही."

मी विचारलं, "पण तिच्या गोळ्या चुकल्या असतील तर?"

त्यांनी जुना रिपोर्ट माझ्याकडे फिरवला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. जंतू आढळले नाहीत. "नीट घेतल्यात त्यांनी. जंतू गेले. गाठ आता जंतूंच्या भरवशावर नव्हतीच."

ती ओळ तेव्हाही माझ्या हातात होती.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. माझं चुकलं, असंही म्हणाले. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. "माया मनासाठी नको बोलू बाई. चुकलं तं चुकलं."

मी पुन्हा सांगितलं. ती नुसती मान हलवत राहिली, लहान पोराचं ऐकावं तशी.

दुसरे उपचार सुरू झाले, पण पोटात रक्तस्राव झाला आणि ती गेली.

तेरवीला पंगत उठल्यावर मामी बायांना सांगत होती, "सोमवारापायी गोळ्या चुकवल्या बिचारीनं." मी आतून दोन्ही रिपोर्ट आणले, ती ओळ दाखवली. मामीनं पदराला हात पुसून कागद घेतला, पाहिला आणि परत दिला.

"राहू दे बाई. गेलेल्या मायची बाजू कोनती पोरगी घेनार नाई?"

माझं पहिलं बोलणं सगळ्यांनी लगेच खरं मानलं होतं. हे कोणी मानत नाही. तरी सांगते. आईनं एकही गोळी चुकवली नव्हती. लग्नापासून कधी न मोडलेला सोमवार तिनं दोनदा मोडला होता, मी सांगितलं म्हणून.