ब्लड कल्चरचा कोरा अहवाल आणि माझ्या गोळ्या

"तुमच्या हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलंय, आणि तुमचा रिपोर्ट म्हणतो रक्तात एकही जंतू नाही. काका, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. रक्त देण्याआधी कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या?"

डॉ. देशमाने यांनी हा प्रश्न पिंपरीतील एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात विचारला, तेव्हा माझा मुलगा महेश शेजारी बसला होता. हाच प्रश्न पंधरा दिवसांपूर्वी मला लॅबमध्ये विचारला गेला होता आणि मी "काहीही नाही" असे उत्तर दिले होते. ते उत्तर खोटे होते.

आम्ही राहतो त्या संत तुकाराम नगरात आणि आमच्या नातेवाइकांत माझ्या आजाराविषयी जे सांगितले जाते त्यातले निम्मे चूक आहे, म्हणून हे लिहितो. महेश सांगतो की अण्णांनी गोळ्या लपवल्या. मी लपवल्या नाहीत. विचारले असता खोटे बोललो. हा दोष अधिक मोठा आहे आणि तो माझ्या नावावर आहे तसाच नोंदवला जावा. माझा मित्र दत्तोबा सांगतो की लॅबवाल्यांनी घोळ घातला. लॅबने तसूभरही चूक केलेली नाही.

माझे वय एकाहत्तर. भोसरीतील एका कारखान्यात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याच्या, तपासणी विभागात एकतीस वर्षे काढली. दत्तोबा भोसरीच्या जुन्या शेतकरी घराण्यातला. तो आमच्याच कारखान्यात, तापलेले लोखंड ठोकून घडवणाऱ्या फोर्जिंग शॉपमध्ये होता. निवृत्तीनंतर आम्ही रोज सकाळी बागेत भेटतो. त्याच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. घरात कोणाचेही औषध उरले की ते त्या डब्यात जाते आणि गरजूंना वाटले जाते.

आजाराची सुरुवात क्षुल्लक होती. संध्याकाळी अंगात कणकण, पहाटे घामाने भिजलेला सदरा, महिनाभरात पट्ट्याची दोन भोके आत. दत्तोबाने डब्यातून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हची पट्टी काढून दिली. आपल्याकडे सगळे जिला नुसते "सहाशे पंचवीस" म्हणतात, तीच ही प्रतिजैविकाची गोळी. दोन दिवस घेतली, ताप उतरला, गोळी बंद केली. आठवड्याने ताप परत आला. पुन्हा दोन दिवस. असे तीनदा झाले.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ब्लड कल्चर करायला सांगितले. या तपासणीत रक्त पोषक द्रवाच्या बाटल्यांत घालून पाच दिवस उबेत ठेवतात. रक्तात जंतू असतील तर ते बाटलीत वाढतात, ओळखता येतात आणि कोणत्या औषधाने मरतात हेही कळते.

आता आमच्या औद्योगिक पट्ट्यातील एका खोडीविषयी सांगणे भाग आहे. आजारपणाच्या रजेवरून परतताना कारखान्याचा डॉक्टर तपासत असे. अंग गरम लागले की "अनफिट" असा शेरा मारून घरी पाठवी, आणि मग सुपरवायझरचे तोंड आठवडाभर वाकडे. म्हणून सगळेच जण तपासणीच्या सकाळी तापाची गोळी घेऊन, तोंड धुऊन, ताठ उभे राहत आणि विचारल्यावर "काही घेतलं नाही" म्हणत. निवृत्तीला तेरा वर्षे झाली तरी ही खोड गेली नव्हती. तपासणी म्हणजे पास व्हायची गोष्ट, हे डोक्यात इतके पक्के बसले होते, की रक्त द्यायला जाण्याच्या सकाळी मी सहाशे पंचवीसची एक गोळी घेतली. आदल्या रात्रीही एक घेतली होती. लॅबमधील मुलीने विचारले, मी सवयीने उत्तर दिले, तिने ते लिहून घेतले.

पाच दिवसांनी अहवाल आला: नो ग्रोथ. म्हणजे काहीही वाढले नाही. महेशने तो आपल्या चाकणच्या कंपनीतूनच साऱ्या नातेवाइकांना पाठवला. मीही बागेत छाती पुढे काढून सांगितले की रक्त शुद्ध आहे.

दहा दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घराचा जिना चढताना धाप लागू लागली, म्हणून पिंपरीच्या रुग्णालयात गेलो. डॉ. देशमाने यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, एक जादा आवाज ऐकला आणि टू-डी इको करायला पाठवले. ही हृदयाची सोनोग्राफी असते. झडपेवर जंतूंचा एक लहानसा गोळा हलताना दिसला. या आजाराला इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस म्हणतात, म्हणजे हृदयाच्या अस्तराला आणि झडपांना झालेला जंतुसंसर्ग. उपचार चुकला तर झडप फाटते, किंवा गोळ्याचा तुकडा सुटून मेंदूत जातो.

मग सुरुवातीला लिहिलेला तो प्रश्न आला आणि मी गोळ्यांची संख्या सांगितली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावले की अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी झडपेवरचे जंतू मरत नाहीत, परंतु रक्तात उतरणारे थोडके जंतू दबतात, आणि नेमके तेच रक्त बाटलीत जाते. अहवाल कोरा येतो, आजार आत राहतो.

त्यांचे वाक्य पूर्ण होण्याआधीच मला ते समजले होते. क्रँकशाफ्टचा तडा शोधण्यासाठी आम्ही त्यावर लाल रंग फवारत असू. रंग तड्यात शिरतो. वरचा पुसून पांढरी पूड मारली की तड्याची लाल रेघ उमटते. पण कोणी त्याआधी ग्राइंडर फिरवला, तर घासलेला धातू तड्याच्या तोंडावर पसरतो. रंग आत जात नाही, जॉब म्हणजे तो भाग निर्दोष दिसतो आणि इंजिनात जाऊन तुटतो. तपासणीआधी हात लावलेला जॉब मी परत पाठवत असे. त्यावरून मी मॅनेजरांशी भांडलो आहे. आणि स्वतःच्या रक्तावर मी स्वतःच ग्राइंडर फिरवला होता.

यापुढच्या भागाविषयी सर्वाधिक चुकीचे बोलले जाते. महेशच्या सांगण्यात "अण्णा हट्टाला पेटले आणि औषधच घेईनात" असे येते. वस्तुस्थिती अशी. डॉक्टरबाईंनी दोन मार्ग सांगितले. जंतू कोणता हे न कळता अंदाजाने दोन-तीन भारी औषधे कित्येक आठवडे द्यायची. त्यांतले एक माझ्या मूत्रपिंडांना झेपेलच असे नव्हते. किंवा भरती करून, देखरेखीखाली, काही दिवस सर्व प्रतिजैविके थांबवायची आणि रक्त पुन्हा घ्यायचे. रक्तदाब घसरला किंवा धाप वाढली तर त्याच क्षणी औषध सुरू करायचे, हेही ठरले. प्रकृती स्थिर असल्यामुळे दुसरा मार्ग शक्य होता, पण थांबण्याच्या दिवसांत तुकडा सुटण्याची भीती होतीच.

"अण्णा, जंतू कोणता ते नंतर बघू. आधी औषध सुरू करू द्या," महेश म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी यायचा तसा आला.

मी दुसरा मार्ग निवडला. त्याला हट्ट म्हणणाऱ्यांनी म्हणावे. एक चुकीचा अहवाल मी दिला होता. दुसरा देणार नव्हतो.

तीन दिवस, रोज वेगवेगळ्या शिरेतून रक्त घेतले. दुसऱ्या दिवशी ताप एकशे दोनवर गेला. तुकडा मेंदूत गेला नाही ना, हे पाहण्यासाठी परिचारिका दर तासाला रक्तदाब पाहून हात-पाय हलवायला सांगे, आणि प्रत्येक वेळी माझा डावा हात उचलला जाईपर्यंत महेश श्वास रोखून धरी. थंडी वाजून दात वाजत होते तेव्हा, दुपारी भेटण्याच्या वेळेत, दत्तोबा आला.

"काय इन्स्पेक्टर, रिजेक्ट झाला व्हय?" म्हणून त्याने हात धरला आणि दचकला. "आरं, औषध बंद करून ताप चढवत्यात? आमी गुरालाबी असं ठेवत न्हाई." मग माझ्या मुठीत पट्टी सरकवली. "एकच घे. कुनाला कळतंय?"

"कुणाला कळत नाही म्हणूनच मी इथं पडलोय, दत्तोबा."

तो स्टुलावर बसला. "मंजी म्या तुला मारायलाच निगालो हुतो म्हन की."

"दोघं मिळून निघालो होतो."

पट्टी मात्र मी लगेच परत केली नाही, हे इथे मान्य करतो. घाम, थंडी आणि मुठीतली गोळी अशी दहा मिनिटे गेली. नंतर परिचारिकेला बोलावून ती तिच्या हातात दिली.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई राउंडच्या आधीच आल्या. दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या रक्तात एकच जंतू वाढला होता: स्ट्रेप्टोकोकस. बहुधा किडलेल्या दाढेतून आत शिरलेला. पुढे कळले की तो साध्या पेनिसिलिनने मरतो. भारी औषधांची गरज उरली नाही. चार आठवडे शिरेतून इंजेक्शने झाली. शस्त्रक्रिया टळली. झडप थोडी गळते आणि गळत राहील, पण जिना मी चढतो.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी शिकाऊ डॉक्टरांना माझ्या खाटेभोवती उभे केले आणि मला स्वतःच्या तोंडाने सांगायला लावले. मी सांगितले. त्यांतल्या एका मुलीने विचारले, "आजोबा, लॅबमध्ये तुम्हाला कुणी अजून नीट समजावून विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतं ना?"

सगळ्यांना "हो" ऐकायचे होते. महेशलाही.

"नाही," मी म्हणालो. "अजून ठासून खोटं बोललो असतो. माझ्यासारख्याला विचारू नका. घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा, आणि रिकाम्या जागा तुम्ही मोजा."

डॉ. देशमाने हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य लिहून घेतले.

त्यांचे, त्या परिचारिकेचे आणि मी जिला फसवले त्या लॅबमधील मुलीचे ऋण मी मान्य करतो. वाचकांना एवढेच सांगतो, की डॉक्टरांनी दिलेले औषध माझे उदाहरण घेऊन स्वतःहून बंद करू नका. माझे बंद केले ते रुग्णालयात, त्यांच्या नजरेखाली. मात्र डब्यातली एक गोळी जरी पोटात गेली असेल, तर रक्त देण्याआधी सांगा. आणि घरातला म्हातारा "काही घेतलं नाही" म्हणाला तर त्याचा मान राखून त्याच्या उशाखाली बघा. तो प्रामाणिक माणूस असेलही. मीही होतो.