वर्लिन ओट्टेचे एक्क्याण्णव टक्के

वर्लिन ओट्टेला कुणी ‘काय, कसं काय?’ विचारलं, की तो तब्येत सांगत नसे, टक्केवारी सांगे. ‘एक्क्याण्णव!’ नवख्या माणसाला वाटायचं, वयच सांगतोय की काय! वय त्रेसष्ट होतं. एक्क्याण्णव हा त्याच्या गॅरेजात होणाऱ्या बिअरचा आकडा होता.

आकडा साधाच. मोडाचा जव भरडायचा, गरम पाण्यात तासभर भिजवायचा, खालच्या तोटीतून गोड पाणी काढून घ्यायचं आणि वरून आणखी गरम पाणी घालत उरलीसुरली साखर धुवून काढायची. जवात साखर होती किती आणि आपण पातेल्यात उतरवली किती, एवढाच हिशेब. वीस पौंड जव, पौंडाला साखरेचे सदतीस गुण (गुण म्हणजे साखर मोजायचं माप), झाले सातशे चाळीस. पातेल्यात चौदा गॅलन पाणी, गॅलनला अठ्ठेचाळीस गुण, झाले सहाशे बाहत्तर. भागा. एक्क्याण्णव टक्के! हा भागाकार वर्लिनने चर्चच्या पायरीवर करून दाखवला होता, दाताच्या डॉक्टरांना करून दाखवला होता आणि सासरे गेले तेव्हा दफनविधीनंतरच्या जेवणाच्या रांगेतही करून दाखवला होता.

विस्कॉन्सिन राज्यातल्या शेबॉयगनमध्ये, घरी बिअर करणाऱ्या असल्या हौशी मंडळींचं एक मंडळ होतं. हार्डवेअरच्या दुकानाखालच्या तळघरात महिन्यातून एकदा जमायचं. भिंतीवर फळा, फळ्यावर नावं आणि टक्के. चवीला रकाना नव्हता, कारण चवीचा भागाकार होत नाही. आठ वर्षं वर्लिनचं नाव सगळ्यात वर होतं. सगळ्यात खाली डेल, म्हणजे वर्लिनच्या बायकोचा, जॉइसचा भाऊ. अडुसष्ट टक्के.

“अडुसष्ट!” वर्लिन हळहळायचा. “अरे डेल, एवढी साखर चोथ्यात टाकून देतोस, तुला झोप कशी लागते रे?”

“बरी लागते,” डेल म्हणायचा. त्याला खरंच बरी लागायची.

मे महिन्यात कार्लाचं लग्न ठरलं. वर्लिनची एकुलती एक लेक. लग्न सप्टेंबरात, डोहाळे मात्र वर्लिनला लागले. लेकीच्या लग्नात आपलीच बिअर, ह्यात विचारायचं ते काय? त्याने पिंपावर चिकटवायला कागदही छापून आणले. वर जोडप्याची नावं, खाली टक्केवारी. नवरीपेक्षा टक्केवारीची अक्षरं मोठी होती.

रविवारी जेवताना कार्ला म्हणाली, “बाबा, बिअरचं मी डेलमामाला सांगितलंय हं. म्हणजे, तुझी उगाच दगदग नको.”

“दगदग? मला?”

“तुझा गुडघा दुखतो ना.”

“गुडघ्याने बिअर करतो का मी?” वर्लिनचा घास हातातच राहिला. “अडुसष्टवाल्याची बिअर? माझ्या लेकीच्या लग्नात?”

कार्लाने सॅलडचं भांडं पुढे सरकवलं. आता, विस्कॉन्सिनची ही खोडच आहे. तोंडावर वाईट बोलतील तर शपथ! तुमच्या घराला आग लागली तरी आधी हवेची चौकशी करतील, मग हळूच म्हणतील, ‘घरात जरा उबदार वाटतंय का हो?’

कार्ला गेल्यावर वर्लिनने बायकोला धरलं. “जॉइस, खरं सांग. काय झालंय?”

“गॉर्डी दर वेळी अर्धाच ग्लास घेतो. काय कारण सांगतो?”

“गाडी चालवायचीय म्हणतो.”

“वर्लिन, गॉर्डी शेजारच्या घरात राहतो.”

 आठ वर्षांत हे वर्लिनच्या ध्यानात आलं नव्हतं. भागाकारात शेजारी येत नाहीत ना!

“तुरट लागते रे,” जॉइस म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर तिलाही थांबवेना. “चहाची पत्ती चावल्यासारखी. तू शंभरातले एक्क्याण्णव काढतोस ना? त्यातले शेवटचे पंधरा कुणालाच नको असतात.”

शनिवारी वर्लिनने जव भिजवला आणि तोटीखाली ओळीने, दर गॅलनला एक, असे ग्लास धरले. पहिला ग्लास मधासारखा. पाचवा बरा. दहावा पुळकट. चौदाव्याने जीभ टाळ्याला चिकटली. धुऊन धुऊन आता साखर संपली होती आणि टरफलांचा तुरटपणा तेवढा उतरत होता. आठ वर्षं हा माणूस शेवटच्या थेंबापर्यंत टरफलं धूत होता आणि ते कडवट पाणी लोकांना पाजून वर टाळ्या घेत होता. त्याला लाज वाटली, आणि रागही आला. एकाने तरी सांगायचं!

पुढच्या शनिवारी नवा जव. पातेल्यात नऊ गॅलन झाले. तोटीतून अजून गोड पाणी येत होतं आणि वर्लिनचा हात तोटीवर. बंद करायची म्हणजे पातेल्यात नऊ गुणिले बासष्ट, पाचशे अठ्ठावन्न. पंच्याहत्तर टक्के! एरवी सोळा टक्के ढळढळीत चोथ्यात सोडायचे म्हणजे त्याला कापरंच भरलं असतं.

“कर की बंद,” जॉइस दारातून म्हणाली. “कुणी मेलंय का?”

त्याने तोटी बंद केली.

मंडळाच्या फळ्यावर त्याने स्वतःच्या हाताने पंच्याहत्तर लिहिलं. तळघरावर सुतकी कळा आली. एकाने हळूच विचारलं, “वर्लिन, घरी सगळं ठीक ना?” दुसऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डेलने तेवढं विचारलं, “प्यायला आणलीस का?” आणि ग्लास भरून घेतला. पुन्हा भरून घेतला. 

ऑगस्टात कार्ला आली. वर्लिनने टक्के न सांगता ग्लास पुढे केला. तिने सवयीने लहानसा घोट घेतला, थांबली, आणि मग सगळा ग्लास रिकामा केला.

“बाबा, ही तुझी?”

“माझी.”

“अरे, मग आधी का नाही अशी केलीस?”

“आधी कुणी सांगितलं का मला?”

“कसं सांगणार?” कार्लाचे डोळे भरून आले. “तो आकडा सांगताना तू इतका खूश असायचास.”

वर्लिनने तिचा ग्लास पुन्हा भरला. “मग आता? लग्नाला अजून महिना आहे. तीन पिंपं सहज होतील.”

कार्लाने ग्लास खाली ठेवला. “डेलमामाने पाच पिंपं भरून ठेवलीत, बाबा. मामीने त्यांना रिबिनीसुद्धा बांधल्यात. आता त्याला नको कसं म्हणू? तूच सांग.”

वर्लिनला सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. लेकीच्या लग्नात आपली बिअर ओतली जावी, एवढंच त्या माणसाला हवं होतं, आणि आता ती खरोखर चांगली झाली होती. 

“नको म्हणायचं काय त्यात?” तो म्हणाला. “डेलची छानच असते. आणि माझा गुडघा हल्ली फार दुखतो गं.”