नळाच्या पाण्यातलं ग्लुकोज

मुलीच्या प्रयोगवहीत लाल शाईची फुली बघितली आणि माझं डोकंच फिरलं. दहावीचा साधा प्रयोग. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात घातलं की त्यातून वीज वाहते आणि एलईडी लख्ख लागतो. ग्लुकोजच्या पाण्यात लागत नाही. हिने ग्लुकोजपुढे लिहिलं होतं, 'मंद लागला.' शेरा होता: चूक, पान पुन्हा लिहा.

"पण आई, तो जळत होता ना, थोडासा," ती म्हणाली. कलकत्त्यात वाढलेली मराठी. तिच्यात दिवे जळतातच.

पाणी कुठलं घेतलंत, मी विचारलं. तर नळाचं. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन संपला होता म्हणे. आता इथल्याच सॉल्ट लेक भागातल्या एका प्रयोगशाळेत मी पंधरा वर्षं पाण्याची वाहकताच मोजते आहे. आमच्या नळाच्या पाण्यात इतके क्षार आहेत की चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो. आम्ल पाण्यात विरघळलं की भरपूर आयन सुटतात, म्हणून तिथे लख्ख. ग्लुकोजचे सुटत नाहीत, पण नळाच्या पाण्यातल्या क्षारांचे थोडे असतात, म्हणून मंद. लागणारच की! बाकीच्या पोरांनाही तो दिसलाच असणार. त्यांनी मुकाट्याने आदल्या वर्षीच्या वह्यांमधून उत्तर उतरवलं, तो तर शिरस्ताच आहे. जिने डोळे उघडे ठेवले तिलाच फुली. संताप संताप झाला माझा.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली, मुलीला घेऊन शाळेत बाईंपुढे उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. "मॅडम, एग्झामिनर सिर्फ आन्सर देखता है," त्या म्हणाल्या. "मैं तो इसके नंबर बचा रही हूं."

मी म्हटलं, चुलीत गेले नंबर, हिने काय पाहिलं ते तरी एकदा विचारा. त्यांनी विचारलं. अगदी मायेने विचारलं.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या लालबुंद चेहऱ्याकडे.

"नहीं जला था, मिस," ती म्हणाली. "मुझे ऐसे ही लगा होगा."

मी इतका आवाज चढवला नसता तर ती खरं बोलली असती, हे मला तिथेच कळलं. बाईंवरचा राग तरीही गेला नाही.