मान मोडायची खोली

त्यानं माझी मानगूट धरली. मागून, दोन बोटं आणि अंगठा लावून. मी पिंजरे पुसत होते, कोण आलं ते मला दिसलंच नाही. डोक्यावरची प्लास्टिकची टोपी सरकली, अंबाडा सुटला आणि कातडी अशी वर ओढली गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

"असं पकडायचं," तो म्हणाला. "सैल कातडी गोळा करायची. मग जनावर मान वळवून चावू शकत नाही. बघा, मावशी चावतायत का?"

शिकाऊ पोरं हसली. पोरीपण हसल्या. त्यानं मान सोडली, हातमोजा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि नवा घातला. उंदीर धरल्यावर बदलतात ना, तसा. मग पुढं गेला.

माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचा बाप्या. मी खाली वाकून टोपी उचलली. मानेवर दोन दिवस वळ होता. घरी सुनेनं विचारलं तर म्हणाले, पिंजऱ्याचं दार लागलं.

हे कुठलं, ते सांगते. चाकणच्या पट्ट्यात, गाड्यांच्या कारखान्यांच्या मधे एक कंपनी आहे. औषध माणसाला द्यायच्या आधी जनावरांवर तपासतात, त्या कामाची. पांढरे उंदीर, ससे. बाहेरून बघाल तर काचेची इमारत, पुढं हिरवळ, आत एसी. मी तिथं जनावरघरात होते. दापोडीहून ठेकेदाराच्या बसनं जायचं, पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं. नवरा पिंपरीच्या कारखान्यात होता, तो गेल्यावर मी आधी लोकांची धुणीभांडी केली, मग हे काम धरलं. शाळेत कधी गेले नाही हो. आमच्या वस्तीत विहार आहे, तिथं संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसायची. त्यांच्यामागं भिंतीला टेकून मी वाचायला शिकले. म्हणून लिहिते आहे. बोलते तसंच लिहिते, दुसरं मला येत नाही.

तर उंदीर. उंदरांची पैदास फार. कामाला लागतात त्याहून जास्तीच पिल्लं होतात, मग जादाचे मारावे लागतात. अगदी शेवटच्या टोकाला त्या कामाची खोली. उंदीर टेबलावर धरायचा, मानेवर सळई दाबायची आणि शेपटी ओढायची. टक् असा आवाज येतो. मान मोडली की झालं. कधी एका ओढीत होत नाही, मग तो किंचाळतो. एवढासा जीव, पण आवाज दाताच्या मुळाशी जातो.

हे काम कुणालाच नको. म्हणून आम्ही बायकांनीच पाळी लावून घेतली होती. आज ही, उद्या ती. शेलार नावाचा सुपरवायझर होता, त्याचीपण ना नव्हती. आणि जिची पाळी असेल तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. हात कितीही साबणानं घासा, वास नाकातच बसलेला. मग बाकीच्या तिला भरवायच्या. आमची रीतच झाली होती ती. बीडकडची संगीता, मराठ्यांची पोर, माझ्या पाळीला समोर मांडी घालून बसायची. "आ कर मावशे. लय नखरे करू नको. मला अजून दोन मजले पुसायचेत." स्वतःच्या हातानं भाकरीचा घास माझ्या तोंडात. तिच्या पाळीला मी. सुकटीची चटणी तिला भारी आवडायची, बोट चावायची माझं.

मग कंपनीला बाहेरच्या देशातलं मोठं काम हवं झालं. त्यासाठी जाणकार सल्लागार नेमला. जनावरं कशी ठेवायची, खोल्या कशा असाव्यात, माणसं कुठं लावायची, सगळं तो ठरवणार. सगळे त्याला सर म्हणायचे. शेलार त्याच्यासाठी धावत जाऊन दार उघडायचा, आणि ते दार तर आपोआप उघडणारं होतं!

मानगूट धरली तो त्याचा पहिला आठवडा. नंतर त्यानं आम्हाला ओळीनं उभं केलं.

"पूर्ण नाव?"

मी नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं.

"आडनाव?"

सांगितलं.

"दापोडीत कुठं राहता?"

वस्ती सांगितली. तो "हं" म्हणाला. शेलारकडं बघितलं. बस. तुम्ही मराठी माणसं आहात, तुम्हाला त्या "हं"चा अर्थ मी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पाळी बंद. सर म्हणाला, रोज हात बदलला की जनावराचे हाल होतात, एकच सराईत हात पाहिजे. ऐकायला खोटं वाटत नाही, नाही का? आणि तो हात माझा ठरला.

मी विचारलं, "साहेब, मीच का?"

तो गोड हसला. "मावशी, तुम्हाला जमेल. काही लोकांत ते उपजत असतं."

रोज. रोज तेच. सकाळी आत गेलं की टोपल्यात पिल्लं वळवळायची. टक्. टक्. माझं मनगट रात्री झोपेत आपोआप ओढ घ्यायचं, नात जवळ झोपायची ती दचकून उठायची. एकदा तिची वेणी घालताना तिच्या पांढऱ्या मानेवर माझा अंगठा गेला आणि मी कंगवा टाकून बाहेर पळाले. तेव्हापासून तिची वेणी सून घालते.

जनावरघरात दोन बोळ असतात. एक स्वच्छ, एक घाण. घाण बोळातल्या माणसानं स्वच्छ बोळात यायचं नाही. ते मला पटायचं हो. एका खोलीतला रोग दुसऱ्या खोलीत जाऊ नये, बरोबर आहे. पण त्या सरनं तो बोळ कॅन्टीनपर्यंत आणला. अंघोळ केली, कपडे बदलले, तरी मारायच्या खोलीतल्या बाईनं वेगळ्या टेबलावर बसायचं. वेगळा पेला. पाण्याच्या मशीनला हात लावायचा नाही, कुणी तरी भरून देईल. आणि शिकाऊ पोरं तीच जनावरं चिरून, त्यातलं रक्त काढून यायची नि मधल्या टेबलावर बसून वडापाव खायची. त्यांना बोळ नव्हता.

माझ्याकडं कुणी येईना झालं. पाळी होती तेव्हा सगळ्यांच्याच हाताला रक्त होतं, म्हणून एकमेकींना भरवत होतो. आता एकटीचेच हात बरबटलेले. रोज कोण भरवणार? आणि का?

एक दिवस डबा बसमध्येच राहिला. संगीतानं बघितलं. चांगली आहे हो ती, राहवलं नाही तिला. भाकरी मोडून माझ्याकडं आली. मी हात पुढं केला. तिचा हात वर गेला. आणि तिनं भाकरी वरून सोडली.

टप्पकन माझ्या तळहातावर पडली.

ती तिथंच गोठली. मीपण. तिनं ठरवून केलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. तिचा हात अजून वरच होता.

"मावशे," ती म्हणाली, "सर म्हनत्यात इन्फेक्शन…"

"जा," मी म्हणाले. "सुट्टी संपतीय."

माझी आई सांगायची, गावात आमच्या माणसांना असंच वरून द्यायचे. मी ते ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. ते एसीच्या हवेत, चकचकीत फरशीवर उभी राहून बघितलं. भाकरी मी खाल्ली नाही. मुठीत चुरा होईस्तोवर दाबली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाहुणे आले. काम देणाऱ्या कंपनीची मुंबईची माणसं. सर त्यांना एकेक खोली दाखवत माझ्यापर्यंत आला. माझ्या हातात उंदीर होता.

"या आमच्या बाई," तो म्हणाला. "असा हात शिकवून तयार होत नाही. यांच्यात पिढ्यान्पिढ्या हेच चालत आलंय. बघा, थरथरतसुद्धा नाही."

माझ्या आजानं गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, म्हणून गावानं त्याला चावडीपुढं लाथांनी तुडवला होता. त्याची बरगडी मोडली. तो तुटक्या बरगडीनं गावातून चालत निघाला, ते काम परत करणार नाही म्हणून. माझा बाप रेल्वेच्या रुळावर खडी फोडून मेला, पण मेलेल्या ढोराला शिवला नाही. आणि हा पांढऱ्या कोटातला मला सांगत होता, हेच तुमच्यात चालत आलंय. चालत आलं नव्हतं. आम्ही ते लाथा खाऊन तोडलं होतं. यानं ते परत जोडलं, माझ्या मनगटाला.

मी उंदीर पिंजऱ्यात ठेवला. दार लावलं.

"नाही," म्हणाले.

"मावशी, पाहुणे थांबलेत."

"थांबू देत. तुम्ही करून दाखवा."

तो हसला. पाहुण्यांकडं बघून हसला आणि माझं मनगट धरलं. पिंजऱ्याचं दार त्यानंच उघडलं, आणि माझा हात आत दाबला. हाड कचकन वाजलं. कानाशी तोंड आणून म्हणाला, "नाटकं नकोत. ज्यासाठी ठेवलंय ते कर."

मी त्याला ढकललं. कोपरानं नाही, छातीवर दोन्ही हात लावून, सगळ्या अंगानिशी. जन्मभर लोकांच्या गोधड्या पिळलेले हात आहेत हे. तो लोखंडी रॅकवर जाऊन आदळला. रॅकचा कोपरा त्याच्या भुवईत घुसला. रक्त डोळ्यात, कोटावर, फरशीवर. पिंजरे हादरले, सगळे उंदीर एकदम धावायला लागले. तो उठायला बघत होता तर मी त्याची कॉलर धरली नि परत रॅकला लावला.

"माझा हात धरलास," मी म्हणाले. "परत धर. धर ना!"

त्यानं दोन्ही हात मागं घेतले. पाहुणे दारातून मागं सरकले. कुणीतरी ओरडलं. रखवालदारांनी मला बगलेत धरून फरफटत बाहेर नेलं, चप्पल आतच राहिली. मला भीती वाटली नाही. वाईटही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

ऑफिसात शेलार म्हणाला, पोलीस बोलावतील. मी म्हणाले, "बोलवा. आडनाव विचारून कुणाला कुठं घातलं, मनगट कुणी धरलं, ते त्यांच्यापुढंच सांगते." तो आत गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला. आवाज एकदम मऊ.

"मावशी, मिटवा. माफीपण मागू नका. तुम्हाला भुशाच्या गोदामात देतो, बसून काम. त्या खोलीत दुसरी बघतो."

"कोण?"

तो टेबलावरचे कागद नीट लावायला लागला.

"कोण, शेलार?"

"तुमच्याच वस्तीतली आहे ना… अश्विनी. ठेकेदाराशी बोलणं झालंय."

अश्विनी. आमच्या गल्लीत चार घरं सोडून राहते. बारावी झालेली, आवाज चढवून न बोलणारी. तिचा हातसुद्धा त्यांनी बघितला नव्हता. फक्त पत्ता बघितला होता.

"पाळी लावा," मी म्हणाले. "सगळ्यांची. तुझी, शिकाऊ पोरांची, त्या सरची. मग माझीपण लावा, मी येते."

"ते कसं होईल मावशी?"

"मग मीही येत नाही. आणि तीही येणार नाही."

माझं काम गेलं. अश्विनीलाही मी बसमध्ये चढू दिलं नाही. अश्विनीची आई माझ्या दारात येऊन भांडली. "म्हातारे, तुझं तू बघ की! माझ्या पोरीच्या पोटावर का पाय देतीस?" अख्खी गल्ली ऐकत होती. मी तिला आत बोलावून चहा दिला, तिनं घेतला नाही. अजून बोलत नाही माझ्याशी. संगीताचा फोन आला होता, नुसती रडली. मी म्हणाले, रडू नको, पाळी परत लागली तर तुझ्या पाळीला मागं सरू नको. ती हो म्हणाली नाही.

आता मी रोज सकाळी ठेकेदाराच्या बसपाशी उभी असते. आमच्या पोरींनी कामाला जावं. गाड्यांच्या कारखान्यात जावं, पिंजरे धुवायला जावं, काचेच्या त्या इमारतीत शिकून साहेबीण होऊन जावं. पण ठेकेदार "त्या खोलीसाठी तुमच्यातली एक द्या" म्हणाला की मी बसच्या दारात आडवी होते. एकदा त्यानं मला हाताला धरून बाजूला काढलं. मी त्याच्या थोबाडीत मारली. चारचौघांत, त्याच्या ड्रायव्हरसमोर. आता तो खाली उतरत नाही, खिडकीतून शिव्या देतो.

सर अजून तिथंच आहे, भुवईला टाके पडले म्हणे. खोली रिकामी आहे, दुसरं कुणी आत जायला तयार नाही. उंदीर वाढतायत, पिंजरे पुरेनात, असं शेलार परवा फोनवर सांगत होता. "काहीतरी करा मावशी," म्हणत होता.

वाढू देत. माझ्याकडून, माझ्या सुनेकडून, माझ्या नातीकडून, या गल्लीतल्या कुठल्याही पोरीकडून ती सळई उचलली जाणार नाही. ज्याला त्या माना मोडायच्या आहेत, त्यानं हातमोजे चढवावेत आणि स्वतः आत जावं.