भासऱ्यांचा पाक चोय

आमच्या भासऱ्यांइतका विनाकारण कष्ट करणारा माणूस अख्ख्या विदर्भात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर कृपा करून आमच्याकडे धाडू नका. एकानंच पुरतं जेरीस आणलंय. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ते वर राहतात, आम्ही खाली. जाऊबाई गेल्यापासून ते जेवायला खाली येतात आणि उरलेला सगळा दिवस गच्चीवर परदेशी पालेभाज्या पिकवतात. या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा बंगलोरहून आला आणि म्हणाला, बाबांना आता मी घेऊन जातो. चौदाव्या मजल्यावर फ्लॅट आहे म्हणे, गच्ची नाही. भासरे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मी मात्र मनात म्हटलं, चला बाई, सुंठीवाचून खोकला गेला.

हे खूळ त्यांना बुटीबोरीत लागलं. ते तिथल्या कापड कारखान्यात होते, तेव्हा मशिनी बसवायला तैवानचे दोघे जण आले होते. आपल्या तर्रीनं त्या बिचाऱ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, म्हणून ते खोलीवर पाला वाफवून खायचे. एकदा त्यांनी तो भासऱ्यांना खाऊ घातला आणि झालं! ज्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसून लुगडी विणली, तुळशीपलीकडे रोप म्हणून लावलं नाही, त्या घराण्याचा हा थोरला मुलगा निवृत्त होताच जरीपटक्याच्या बाजारातून थर्माकोलची खोकी गोळा करू लागला. एका खोक्यात पाक चोय, म्हणजे पांढऱ्या जाड देठाची, चमच्याच्या आकाराची पानं. दुसऱ्यात मिझुना, म्हणजे कोणी रागानं कातरून टाकावीत तशी पानं. दोन्हींना चव ना ढव. आपली आंबाडी कशी, तोंडात घातली की जीभ जागी होते. हा पाला खाल्ला काय आणि पाणी प्यायलं काय, सारखंच.

बरं, पेरायचा तर हिवाळ्यात पेरावा. नाही! नागपूरच्या वैशाखात, जिथं कावळासुद्धा दुपारी चोच उघडी टाकून बसतो, तिथं हे थंड मुलखातली भाजी पिकवणार. हिरवी जाळी बांधली, तिच्याखाली ओली धोतरं टांगली. तरी पानं माना टाकू लागली, तेव्हा आपल्या खोलीतला कूलर उचलून गच्चीच्या दारात लावला, तोंड खोक्यांकडे. पाला गारव्यात, आणि मालक आत पंख्याखाली घामाघूम! मी नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या भावाले विचारा, पाल्यासाठी उशी-चादर पण देऊ का?" नवरा म्हणाला, "जाऊ दे नं वं."

नवऱ्याला म्हटलं, कारण भासऱ्यांना म्हणायची सोय नव्हती. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नाही. आताच्या मुलींना हसू येईल, पण माझ्या सासूबाईंनी ती लावून दिली. त्या गेल्या, रीत राहिली. तीस वर्षं एका घरात काढली आणि एक शब्द सरळ बोललो नाही. त्यांना काही सांगायचं असलं की ते भिंतीकडे पाहून सांगत, मला काही सुनावायचं असलं की मी भांड्यांना सुनावत असे. एकदा त्यांनी जुडी ओट्यावर आणून ठेवली आणि मी तिची चांगली डाळभाजी केली, लसणाची फोडणी देऊन, रटरट शिजवून. ताटाकडे पाहून त्यांचा चेहरा असा पडला, जणू घरात कोणी गेलं. भिंतीला म्हणाले, "हा पाला तीन मिनिटांच्या वर शिजवत नाही म्हणा." मी कढईला म्हटलं, "ज्याले कच्चा चारा पाह्यजे, त्यानं गोठ्यात जावं बापा!" मग ते शेजारीपाजारी जुड्या वाटू लागले. लोक तोंडावर वा वा म्हणत आणि मागच्या दारानं गाईला घालत. एके दिवशी गाईनंही तोंड फिरवलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर जायचा दिवस उजाडला. दारात टॅक्सी उभी, मुलगा घड्याळ बघतोय. भासरे बॅग घेऊन खाली आले आणि नवऱ्याला सांगू लागले, कूलरची टाकी कधी भरायची, जाळी कधी सोडायची. नवरा आपला "हाव, हाव" करतोय; ह्या माणसानं आजवर घरातल्या मनीप्लांटला पाणी घातलेलं नाही. मग भासरे थांबले. भिंतीकडे पाहून हळूच म्हणाले, "कोणाले तरास होत असन, तर उपटून टाका म्हणा."

माझं काय झालं कोण जाणे. स्वयंपाकघरातून तशीच बाहेर आले, हाताला कणीक.

"भाऊजी! मनात नाही तर काहून चालले तुम्ही? तोंड शिवलं का तुमचं? त्या चौदाव्या माळ्यावर काय पेरसान, लिफ्टमंदी? मले तो पाला आवडत नाही, मेल्यावरबी आवडणार नाही. पण तुम्ही गेल्यावर मी राग कोणावर काढू? ह्यायच्यावर? हे तर ऐकतबी नाहीत!"

नवरा भिंतीला टेकला. पुतण्या "काकू, अहो..." म्हणाला, त्याला म्हटलं, "तू गप रे." भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. मग म्हणाले, "तुम्ही मीठ आधी टाकता. म्हणून पाणी सुटते त्याले."

तीस वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही खोड काढणारं! पण मला रडूच आलं. मी बॅग उचलली आणि वर नेऊन ठेवली. टॅक्सीतून मुलगा एकटा गेला.

आता आम्ही बोलतो. फार मजेदार बोलतात हो! तैवानच्या त्या दोघांच्या अशा नकला करतात की मी पोळी करपवते. पण आताशा त्यांना ऐकू कमी येतं. एक गोष्ट मला तीनदा ओरडून सांगावी लागते, आणि तरी अर्धी ऐकायची राहते. ऐकू येत होतं तेव्हा मी भांड्यांशी बोलत बसले.