न चाखलेली आमटी

गौरीच्या जेवणाची कटाची आमटी आई नैवेद्याआधी कधीच चाखत नाही. पातेल्यावर वाकून नुसता वास घेते आणि सांगते, "मीठ कमी आहे." आजवर तिचा अंदाज चुकलेला नाही.

यंदा मात्र तिनं तीनदा वास घेतला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मीठ घातलं का गं मी?"

मी शेजारीच पुरण वाटत होते, पण माझं लक्ष नव्हतं. मीही वाकले. चिंचगुळाचा वास आला, मसाल्याचा आला. मिठाचं काही कळेना. कृती मी वहीत उतरवून घेतली होती. हे नाक कुठून उतरवून घेणार?

"घातलंस की," मी ठोकून दिलं.

नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि गौरीकडे एवढंच मागितलं: मी आत्ता आईला सांगितलं, ते खरं असू दे.